नौपाड्यातलं परसदार

सहा वर्षांत सुहासिनी सलग अर्धा तास घराबाहेर राहिली असेल तर शपथ! भाजी आणायला जायची तीसुद्धा शेजारच्या उत्तराला "जरा आईंकडे बघ गं" म्हणून सांगून, आणि मिळेल ती जुडी उचलून धावत परत. सासूबाई, भागीरथीबाई, अर्धांगवायूने पलंगाला खिळलेल्या. डावी बाजू गेली, पण जीभ शाबूत, आणि कान तर त्याहून तल्लख. नवरा त्र्यंबक सकाळी सातला बाहेर पडायचा तो आठच्या बातम्यांना उगवायचा. "दिवसभर घरीच तर असतेस," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरीच तर होती! तेच तर दुखणं होतं.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. झाडांचा तिला भारी सोस, पण खिडकीच्या ग्रिलमध्ये मावायच्या पाच कुंड्या. ऊन जेमतेम दीड तास, आणि कारखान्यांकडून वारा आला की पानांवर तांबूस ठिपके. गच्चीच्या एका कोपऱ्यात कुंड्या ठेवू द्या, असा तिने एकदा सोसायटीला अर्ज केला होता. वार्षिक सभेत तो वाचला गेला, "स्लॅब गळेल" असं कुणीतरी म्हणालं, आणि वेफर्सच्या बश्या यायच्या आत विषय निकालात. गच्चीला कुलूप बसलं आणि किल्ली सेक्रेटरीच्या कनवटीला गेली.

अठ्ठ्याण्णव साली लेक शिकायला बाहेरगावी गेला, त्याचा कॉम्प्युटर मात्र घरीच राहिला. जाताना त्याने आईला ईमेल करायला शिकवलं. खुशाली कळवण्यापुरतं हो! पण त्यातून तिला सापडला 'परसबाग' नावाचा गट. ठाण्या-कळव्यापासून अमेरिकेपर्यंतची साठेक माणसं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि एकमेकांना आपापल्या झाडांचं कौतुक सांगायची. कुणाच्या मिरचीची पानं बोकड्या रोगाने आकसली की साठ घरांत हळहळ.

पहिल्याच पत्रात सुहासिनीने घोळ घातला. बसली होती पाच कुंड्यांबद्दल लिहायला, आणि लिहून गेली, "आमच्या गच्चीवर यंदा दुधी लागलाय." सभेने हो म्हटलं असतं तर लागलाच असता की! लोकांनी मांडव कसा घातला विचारलं, तिने तोही घातला. मग कारली आली, जाई आली, खोक्यांतून पुदिना आला. लबाडीच ती, नाही कशाला म्हणा? पण दुपारी दोन ते तीन ती त्या गच्चीवर असायची, आणि दिवसातला तेवढा एक तास तिचा जीव थाऱ्यावर असायचा.

गटाचे म्होरके हरिहरकाका, ठाण्याच्या नौपाड्यातले निवृत्त शिक्षक. दर सोमवारी त्यांचं पत्र यायचं. त्यांचं परसदार, दगडी विहीर, तिच्या कडेचा फणस, अळूत शिरणारा भारद्वाज. सुहासिनी ते पत्र मोठ्याने वाचायची, कारण भागीरथीबाईंचं माहेरही ठाण्यातलंच, असंच परसदाराचं. एरवी सुनेला घालूनपाडून बोलणारी ही बाई त्या दहा मिनिटांत वेगळीच व्हायची. पाणी नको, कूस बदलणं नको. "आमच्याकडचा फणस कापा होता गं, यांचा बरका दिसतोय," असं काहीतरी बोलायची आणि डोळे मिटून हसायची. सुहासिनीलाही मग सासूचा राग राग करणं जमायचं नाही. दोघी मिळून नौपाड्याला जाऊन यायच्या म्हणा ना.

गटाची एक रीत होती. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी बागेत जमायचं, आणि हळदीकुंकवाला वाण लुटतात तसं प्रत्येकाने एकेक रोप आणून वाटायचं. काकांकडे कधी जमणं झालं नाही. त्यांच्याकडे नेमकं काहीतरी आजारपण निघायचं. नव्याण्णवच्या फेब्रुवारीत सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, येत्या रविवारी सुहासिनीताईंची गच्ची!

त्याच दुपारी ती नकार कळवायला बसली. तिने लिहिलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरी पाहुणे जमायचे नाहीत. लगेच उत्तर, "घरात येतच नाही आम्ही, थेट गच्चीवर! चहाचे थर्माससुद्धा आमचेच." घ्या! माणसं इतकी चांगली असली की पळायला वाटच राहत नाही. ती सेक्रेटरीकडे गेली. चार तास किल्ली द्या, म्हणाली, माझ्या पाच कुंड्या वर नेईन आणि शेजारच्या उत्तराच्याही मागून घेईन.

"वहिनी, पुढच्या सभेत मांडा," सेक्रेटरी म्हणाले.

पुढची सभा ऑगस्टात होती.

खरं सांगावं तर गट गेला. साठ माणसांत खोटारडी ठरायचं, आणि मग दुपारी दोन वाजता करायचं काय? भिंतीकडे बघायचं? रात्री तिने ताट तसंच बाजूला सारलं. "बरं नाही का?" त्र्यंबकने विचारलं आणि ती काही सांगायच्या आत पेपर उघडला. शेवटी गुरुवारी तिने एकट्या काकांना सगळं लिहिलं. गच्ची, कुलूप, पाच कुंड्या. "मला गटातून काढा, पण का काढलं ते कुणाला सांगू नका," असं शेवटी लिहिलं आणि पाठवून टाकलं.

शनिवारी दुपारी उत्तर आलं.

"ताई, रविवारचं मी रद्द केलं आहे, माझ्या तब्येतीचं कारण सांगून. तुम्हाला कुणीही काढणार नाही. पण तुम्ही खरं बोललात, आता मलाही गप्प बसवत नाही. आमचं परसदार ब्याण्णव सालीच बिल्डरला दिलं. भावांनी सह्या केल्या, मीही केली. विहीर बुजवली. फणस माझ्यासमोर तोडला. त्याच जागेवरच्या इमारतीत मी पहिल्या मजल्यावर राहतो, खिडकीखाली स्कूटरी लागतात. इतके दिवस आठवणीतून लिहीत होतो. तुमचं पत्र वाचून लाज वाटली. यापुढे मी लिहिणार नाही."

रविवार टळला, तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. कानशिलं तापली. मेल्याने माझा फणस तोडला! आणि वर सांगतोय! कुणी मागितलं होतं याचं खरं? आपण पाच कुंड्यांवर अख्खी गच्ची चढवली होती, हे तिच्या मनातही आलं नाही. आता या दोन खोल्या तेवढ्या खऱ्या, आणि त्यांच्याबाहेर कुठ्ठे म्हणून जायला नाही. पदराचा बोळा तोंडावर दाबून ती रडली.

आतून हाक आलीच. "पत्र आलंय ना गं? त्या मशीनची किरकिर ऐकली मी. काकांचं का?"

"हो."

"आज शनिवारीच? वाच, वाच. फणसाला कोवळ्या कुयऱ्या धरल्या होत्या, काढली का एखादी भाजीला? मी कधीची विचार करतेय."

सुहासिनीने नाक पुसलं. समोर लिहिलेलं होतं, फणस माझ्यासमोर तोडला.

"'फणस यंदा बुंध्यापासून लगडलाय,'" स्क्रीनकडे बघत ती मोठ्याने वाचू लागली. "'पहिली कुयरी काल काढली. हात चिकाने माखले.'"

"तेल नसेल लावलं आधी!" भागीरथीबाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी असं खुदकन हसल्या. "पुरुषमाणूस तो, त्याला काय कळतंय. आमची आई विळीलासुद्धा खोबरेल लावायची. हं, पुढे?"

पुढे तिला काही सुचेना. त्या परसदारात तिला स्वतःला आता पाऊल टाकता येणार नव्हतं. फक्त म्हातारीला फिरवून आणायचं होतं, दर सोमवारी, ती आहे तोवर.

"थांबलीस का गं? एवढंच लिहिलंय?"

"नाही आई," सुहासिनी म्हणाली, "पुष्कळ लिहिलंय," आणि विहिरीचं वाचू लागली.