सभेत उठणारे नाना

पिंजलेल्या कापसाचा वास आला की धरणगावची ती सभा आठवते. आमच्या गल्लीत गाद्या भरणारे एक म्हातारे नाना राहायचे. सभेत पुढारी बोलत असताना ते मध्येच उठले, ‘‘भाऊ, आमना नळले पाणी कव्हय येई?’’ लोक हसले. मी सूत्रसंचालक, माइकवरूनच म्हणालो, ‘‘नाना, हेकलर होऊ नका, बसा.’’ ‘‘म्हंजे काय व्हस रे भाऊ?’’ त्यांनी खरंच विचारलं. मी काही सांगण्याआधीच दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. पुन्हा ते कुठल्याच सभेला आले नाहीत, आणि त्याच उन्हाळ्यात वारले. त्यानंतर कधीतरी मी शब्दकोश उघडला. सभेत मध्येच बोलून वक्त्याला अडवणारा तो हेकलर, एवढंच मला ठाऊक होतं; पण मुळात तो तागाचे धागे विंचरून गुंता सोडवणारा कामगार. मी मात्र तो शब्द शिवीसारखा वापरला होता. आता आमच्या सभा वेळेवर संपतात. मध्ये कुणीच उठत नाही.