मांडीवर सीपीयू: सावदा ते धुळे, एका दिवाळी अंकासाठी

लोक लडाखला जातात, केरळला जातात आणि फोटो टाकतात. मला कुणी विचारलं की तुझा न विसरता येणारा प्रवास कुठला, तर मी सांगतो, सावदा ते धुळे, एस.टी.ने, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन. फोटो एकही नाही. दोन्ही हात अडकले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सावद्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, केळीच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं असली कामं. त्या वर्षी पहिल्यांदाच मोठं काम आलं होतं, आमच्या साहित्य मंडळाचा दिवाळी अंक. बरीच पानं जुळवून झाली होती आणि त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा लेख होता. अक्का शाळेत मास्तरीण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, स्वतःचं नाव छापून यायची ही पहिलीच वेळ. रोज शाळेतून येताना दुकानात डोकवायची आणि पडद्यावर आपलं नाव बघून जायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर चालू केला, तर मराठीचं सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, लॉक सापडत नाही. हे लॉक म्हणजे काडेपेटीएवढा ठोकळा. तो डब्याच्या मागे खोचायचा, तरच सॉफ्टवेअर उघडायचं. चोरून कॉपी करणाऱ्यांना आळा म्हणून कंपनीने दिलेलं. कॉपी करणारे मजेत होते, रोख पैसे मोजून घेतलेला मी कपाळाला हात लावून बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

लॉक काढून लावलं, कॉम्प्युटर दहा वेळा बंद-चालू केला. शेवटी मंडळाचे नाना दुकानात येऊन बसले.

"सुधाकर, दिवाळीच्या आधी अंक हातात पाहिजे. नंतर आला तर वरातीमागून घोडं. रद्दीवाला तरी घेईल का?"

अक्का दारातच उभी होती. तिने आतून गोधडी आणून दिली. तिच्यात डबा गुंडाळला आणि निघालो.

सकाळच्या गाडीने निघा, हा माझा पहिला सल्ला. ऑक्टोबरात खानदेशात दहा वाजताच ऊन चावायला लागतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत तोवर बरं वाटतं, तापीचा पूल ओलांडून भुसावळ आलं की संपलं. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट लागेल भो, आणि वर टपावर टाका." टपावर? तिकीट दिलं, डबा मांडीवरच ठेवला. नशिराबादपाशी ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली आणि बराच वेळ अडकली. मांड्या बधिर झाल्या.

जळगावात ज्याने मला कॉम्प्युटर विकला होता त्याच्याकडे गेलो. विकताना हाच माणूस चहा, कचोरी आणि मोठा भाऊ म्हणून सन्मान असं सगळं देत होता. आता त्याने टायवाल्या इंजिनिअरकडे बोट दाखवलं. आत जायला चपला काढायला लावल्या, का तर धूळ आली की व्हायरस येतो.

"बंद करून चालू केला का?" टायवाल्याने विचारलं.

"केला."

"परत करा."

परत केला. पडद्यावर तीच ओळ. टायवाल्याने मान हलवली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल."

"म्हणजे आतलं सगळं जाईल?"

"जाणारच ना! फ्लॉपीवर घेतलंय ना?"

घेतलं होतं. पण त्याच्या मशीनवर दोन फ्लॉप्या वाचल्याच जाईनात, आणि त्यातल्याच एकीवर अक्काचा लेख होता. मी म्हटलं, हात लावू नका. मग पुण्याला कंपनीत फोन. एस.टी.डी. बूथमध्ये उभं राहून समोर वाढत जाणाऱ्या बिलाच्या लाल आकड्यांकडे बघत ऐकलं की ही लाइन विक्रीची आहे, तक्रारीची तीननंतर. तीननंतर कळलं, सर जेवायला गेलेत. सर एकदाचे जेवून आले आणि म्हणाले, लॉक तपासायची सोय तुमच्या भागात फक्त धुळ्याच्या वितरकाकडे आहे, लॉकही घेऊन जा आणि मशीनही. लॉक खराब निघालं तर नवं महिन्याभरात येईल.

"महिना? दिवाळी काय थांबणार आहे का साहेब?"

"सर, प्रोसिजर आहे."

त्या रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. एक खाट, तिच्यावर अर्ध्यात मी, अर्ध्यात डबा. जळगावला गेलात तर शेवभाजी खा, पण सोबत कॉम्प्युटर नसताना. मी पाच घासांत उरकली, कारण खोलीच्या कडीवर माझा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी. रस्ता हायवेचा, पण नुसता नावाला. प्रत्येक खड्ड्याला मी डबा उचलून धरायचो, तान्ह्या पोरासारखा. एरंडोलला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिने गोधडीवर हात ठेवला.

"पोऱ्या शे का रे भाऊ?"

"नाही आजी, कॉम्प्युटर शे."

"बिघडना का?"

"हो."

"मंग देवले नारय फोड." नारळ फोड म्हणे! मी हसलो. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन.

पारोळ्याला गाडी थांबली. किल्ला स्टँडपासून लांब नाही म्हणतात, खंदक बघण्यासारखा आहे म्हणतात. मी पाहिला नाही. डबा सोडून उतरणार कसा? कंडक्टरने खिडकीतून चहा दिला तेवढंच माझं पारोळा. तुम्ही मात्र जरूर बघा.

धुळ्यात वितरकाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर निघालं. जिना अरुंद, लिफ्ट नाही. वर शेख मॅडम होत्या, तिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. समोर माझ्यासारखीच चार माणसं आपापले डबे घेऊन बसली होती. दवाखानाच तो. माझा नंबर आला. सगळी कर्मकहाणी सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"दसऱ्याला पूजा केली होती?"

"केली ना."

"कोणी केली?"

"बहिणीने. का?"

त्यांनी लॉक काढलं, दिव्याखाली धरलं आणि चिमट्याने पिनांच्या मधून काहीतरी उचलून माझ्या रुमालावर ठेवलं. तांदळाचा दाणा, कुंकवात माखलेला. अक्षता! पिनांवरही ओलं लावलेलं कुंकू वाळून बसलं होतं.

"दाणा मध्ये बसला की लॉक पूर्ण आत जात नाही," मॅडम म्हणाल्या. "दसऱ्यानंतर पंधरा दिवस माझं हेच चालतं. परवा एकाच्या फ्लॉपीच्या फटीतून झेंडूची पाकळी काढली." बोलता बोलता त्यांनी माझ्याच रुमालाने पिना पुसल्या, ब्रश फिरवला, लॉक खोचलं. सॉफ्टवेअर उघडलं. पहिलंच पान अक्काच्या लेखाचं. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग संतापलो. दोन दिवस, दोन जिल्हे, पुण्याचे फोन, सगळं एका तांदळासाठी! रुमालाच्या टोकाला तो दाणा गाठ मारून बांधला. ठरवलं, घरी जाऊन अक्कासमोर आपटायचा, ही घे तुझी पूजा.

पण परतीच्या गाडीत पूजेचा दिवस डोळ्यांसमोर आला. साफसफाईला सगळ्या वायरी काढल्या होत्या. अक्काने विचारलं होतं, यातलं मुख्य काय रे? मी म्हटलं होतं, हे लॉक, हाच त्याचा जीव. तिने ते एकटंच पाटावर विड्याच्या पानावर ठेवलं. पाणी शिंपडलं, बोटाने कुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या. वर म्हणाली होती, "माझं लिखाण सांभाळतोय बिचारा." आता या बाईवर काय ओरडणार? जळगाव येईपर्यंत राग पार बसला. उरला फक्त शीण.

घरी पोहोचलो तेव्हा अक्का ओट्यावरच होती.

"काय झालं होतं रे?"

"गंज चढला होता पिनांना. पुसला."

"बरं झालं बाई," म्हणाली आणि माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायला आत गेली. मी कपडे धुण्याच्या बादलीत टाकले आणि झोपलो.

अंक धनत्रयोदशीला आला. अक्काने स्वतःचं नाव बोटाने चाचपून पाहिलं, मग आत गेली आणि धुऊन घडी घातलेला माझा रुमाल घेऊन आली. रुमालावर फिकट लाल डाग, टोकाला गाठ तशीच.

"सुध्या, गंजाचा डाग मी ओळखते रे," ती म्हणाली. "आणि गंजात तांदूळ नसतो."

फराळाचं ताट पुढे सारून ती शेजारी बसली.

पुढच्या दसऱ्याला तिने पाटावर एकच सुपारी मांडली. लॉकला लांबूनच हात जोडले. मीच ते काढून तळहातावर तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, लाव. नको नको करत तिने कोरड्या कुंकवाचा एक ठिपका लावला, बाहेरच्या बाजूला, डोळ्यात औषधाचा थेंब घालतात तितक्या जपून.

आता ते सॉफ्टवेअर नाही, आणि आजच्या कॉम्प्युटरला ते लॉक खोचायला जागाही नाही. अक्का जाऊनही काही वर्षं झाली. दर दसऱ्याला मी लॉक खणातून काढतो आणि पाटावर ठेवतो. पाणी शिंपडतो, बोटाने ओलं कुंकू लावतो, वर मूठभर अक्षता वाहतो. आता पिनांत गेल्या तरी चालतात.