थोरल्याच्या दारासमोरचा लॉक

"मास्तर, कुठंबी थांबा. पण थोरल्याच्या दारासमोर ढोल थांबला, तर तुमचा माझा संबंध संपला," नारायणशेट म्हणाले.

"न्हाई थांबत, शेट."

"वाजवत सरळ पुढं जायाचं. मान वळवून बघायचंबी न्हाई."

"व्हय."

रामनगरातल्या त्यांच्या किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून मी होकार भरत होतो आणि पाय हलवत होतो. माझे पाय गप्प बसत नाहीत. त्यापायी शाळेत मार खाल्ला, माझ्याच लग्नात भटजी दोनदा ओरडले. बँडमध्ये साईड ड्रम गळ्यात आला, तेव्हा कुठे या पायांचं काहीतरी चीज झालं. पुढे मी स्वतःचा बँड काढला आणि म्हातारपणापर्यंत चालवला. हा किस्सा नव्वद सालाच्या आगेमागचा.

शेटनी एवढी ताकीद का दिली, ते आधी सांगतो. वरातीत सगळं चालतं ते बड्या ढोलावर. ढोल वाजतो तोवर नवरदेवाचं घोडं चालतं, ढोल बंद झाला की घोडं थांबतं. वरातीच्या घोड्याला शिकवलेलंच असतं तसं. आणि आमच्याकडचा रिवाज असा, की नवरदेवाचं घोडं ज्या दारात थांबेल त्या घरच्या सवाष्णीनं बाहेर यायचं, घोड्याच्या पायावर पाणी घालायचं आणि नवरदेवाला ओवाळायचं. म्हणून कुठल्या दारात थांबायचं, हे वरातीआधीच ठरवून घेतात. न ठरवता थांबलं, की कुणाचा तरी मान जातो किंवा कुणाला तरी नको असलेला मान मिळतो.

नारायणशेट आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, यांच्यात बोलणं बंद होतं. सुपा गावातलं जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं. त्याच्या बदली रामनगरात जी जागा मिळाली, तिच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं. घरं एकाच रस्त्यावर, पण एकमेकांच्या दारातलं पाणीही नको. देवळातून मांडवाकडे जाणारा रस्ता नेमका अण्णांच्या दारावरून जायचा. दुसरा रस्ताच नव्हता.

हे सगळं मला पाठ होतं. डोक्याला ताप होता तो वेगळाच. शेटचा मुलगा सुहास बेळगावात नोकरीला होता. त्यानं कुठेतरी व्हिडिओवर काहीतरी बघितलं होतं.

"मास्तर, वरातीत ब्रेक डान्स पायजे," तो म्हणाला. "नुसतं वाजवत चालायचं असलं तर मी बेळगावचा बँड सांगतो."

"जमतंय काय वो?" शेटनी मला विचारलं.

"जमतंय की."

काय जमवायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण शेटच्या गोतावळ्यातली लग्नं हाच आमचा निम्मा सीझन. त्या घरानं बेळगावचा बँड आणला की बाकीचे त्यांच्या मागे जाणार. मग माझी माणसं गोव्याला गवंड्याच्या हाताखाली निघून जाणार आणि बँड मोडणार. रात्री अंथरुणात पडलो तरी पाय चालू होते. बायको म्हणाली, "तुमच्या पायानं म्हशीबी झोपंना झाल्या."

कॅसलरॉकला मिंगेल नावाचा माणूस आहे असं कळलं. गोव्याचा, बोटीवर स्टुअर्ड होता, आता बहिणीकडे राहायला आला होता. बोटीवरच्या एका वादकाकडून तो नाच शिकला होता. मी रेल्वेनं जाऊन त्याला घेऊन आलो. वाटेत मी ब्रेक डान्स, ब्रेक डान्स करत होतो. तो वैतागला.

"हें ब्रेक न्हय मास्तर. हाका लॉकिंग म्हणतात. फंक म्युझिकाचेर करतात."

"नाव कायबी असू दे. आठ दिवसात बसतंय काय?"

"पयलीं तूं बस," तो म्हणाला. मी डब्यात उभा होतो.

भाताच्या गिरणीमागच्या खळ्यावर तालीम सुरू झाली. मिंगेलनं टेपरेकॉर्डर आणला होता. पहिल्या दिवशी त्यानं फक्त तीन गोष्टी दाखवल्या. एक पॉइंट. खांद्यापासून हात फेकायचा, बोट रोखायचं आणि नजर बोटाच्या पुढे न्यायची. दुसरी रिस्ट रोल. कोपर वर नेत नेत मनगट गोल फिरवायचं. तिसरा लॉक. म्हणजे जोरात चाललेलं अंग एकदम जागच्या जागी थांबवायचं. गुडघे जरा वाकलेले, कमरेतून थोडं पुढे, दोन्ही हात काखेत घागरी धरल्यासारखे. आणि तसंच राहायचं. पापणीसुद्धा हलवायची नाही.

आमचे खुळखुळेवाले दोघे भाऊ होते. बँडच्या पुढे खुळखुळे हलवत चालणारे तेच, त्यामुळे अंग मोकळं. पॉइंट आणि रिस्ट रोल त्यांनी दुपारपर्यंत उचलले. मी काठ्या हातात घेऊनच मनगट फिरवायला शिकलो आणि मला ते आवडलंसुद्धा. लॉकला मात्र माझं घोडं अडलं. सगळे थांबले, की माझी टाच हलायचीच.

"मास्तर, तुजो पांय."

"थांबला की."

"ना. अजून चलता."

तालाची गत त्याहून वाईट. फंकमध्ये चार मोजायचे. पहिल्यावर बडा ढोल असा मारायचा की छातीत लागला पाहिजे. मग ढोल गप्प. दोनवर आणि चारवर माझी साईड. मधे मोकळी जागा सोडायची, त्या जागेतच नाचणाऱ्याला नाचता येतं. वरातीचा ढोल याच्या अगदी उलट. माणसाच्या प्रत्येक पावलाला एक ठोका, नाहीतर वरात रेंगाळते. आमचा ढोलवाला गणबा कुंभारवाडा गावचा, भातशेती करणारा, सीझनला बस पकडून यायचा. त्याचा हात सवयीनं चारी ठोके मारायचा. मिंगेलनं शेवटी त्याचा डावा पंजा चामड्यावर ठेवायला लावला, म्हणजे आवाज दबेल. दोन दिवस गणबा दातओठ खात वाजवत होता.

तिसऱ्या दिवशी तो एकदम बरोबर वाजवायला लागला. पहिला ठोका, मग हात वर, मग नुसता उभा. मी विचारलं, "कसं जमलं रं?"

"भात राखाय शेतातल्या माळ्यावर बसतोय की मी," तो म्हणाला. "डुक्कर जवळ येईस्तोवर गप बसाय लागतंय. आधी वराडलं की पळतंय."

लॉकनंतर परत सुरुवात कुणी करायची, हा प्रश्न होता. आधी ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं. पण मी दर वेळी घाई करायचो. मिंगेल अजून वाकतोय तोवर माझी काठी पडायची. शेवटी चिडून मी ते काम गणबाला दिलं. ठरलं असं, की मिंगेल पुढे हात वर करून खूण करणार, तिच्यावर सगळा बँड बंद, सगळे लॉक. गणबानं ढोल मारला की परत चालू. तोवर कुणीही हूं की चूं करायचं नाही.

नाच करायची जागा ठरवली बसस्टँडच्या चौकात. तिथे कुणाचं दार नाही, म्हणजे रिवाजाची भानगड नाही. मी स्वतःवर खूश होतो.

लग्नाच्या दिवशी दुपार कलताना देवळातून वरात निघाली. घोड्यावर सुहास, बाजूला शेट जरीचा फेटा बांधून. चौकात पोचलो तर तिथे लाकडाची लॉरी आडवी. मागे घ्यायला गेली आणि एक चाक गटारात. माणसं तिच्या भोवती जमलेली. नाचायला जागाच नाही. मी ढोल चालू ठेवायला लावला आणि वरात एका बाजूनं पुढे काढली.

"मास्तर, नाच कुठाय?" सुहास घोड्यावरून ओरडला. त्याचे मित्र शिट्ट्या मारायला लागले.

"पुढं करू, पुढं," मी म्हटलं. मांडवासमोर करायचा असं मनात होतं. पण मिंगेल माझ्या वीस पावलं पुढे होता, मधे कॉर्नेटचे कर्णे वाजत होते. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही. दोन भावांचं भांडण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चौकात जागा नाही म्हणून नाच राहिला, एवढंच त्याला दिसलं होतं. तो मोकळी जागा शोधत चालला होता. रामनगरात त्या रस्त्यावर सगळ्यात मोकळी जागा म्हणजे अण्णांच्या घरासमोरचं अंगण.

त्यानं नाच सुरू केला. खुळखुळेवाले त्याच्या दोन्ही बाजूंनी. पॉइंट, रिस्ट रोल, टाळी, अर्धी बैठक. पोरं वेडी झाली. मी ओरडणार तेवढ्यात त्याचा हात वर गेला.

सगळा बँड बंद. घोडं थांबलं. अण्णांच्या दाराच्या बरोबर समोर.

इतकी शांतता मी वरातीत कधी ऐकली नव्हती. मी काठ्या वर धरून वाकलेला. माझ्या डोळ्यांसमोर नारायणशेटचा चेहरा होता, फेट्याखाली लालबुंद. एक ठोका पडला की घोडं चालू लागेल, सगळं निभावेल. मी डोळ्यांनीच गणबाला म्हणत होतो, मार रं बाबा, मार. गणबाचा हात वर होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तो दाराकडे बघत होता. दारात अण्णांची बायको उभी होती. नेसूचं लुगडं, हात पिठाचे. घोड्याकडे बघितलं, सुहासकडे बघितलं आणि आत गेली. संपलं, असं मला वाटलं. मग ती परत आली, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ताट. निरांजन पेटलेलं. इतक्या लवकर ताट तयार होत नाही, एवढं मलाही कळतं.

ती पायऱ्या उतरायला लागली. गुडघ्याचं दुखणं असावं, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत होती. घाम डोळ्यात जात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय जमिनीला चिकटून होते. मला ओरडता आलं असतं. काठी मारता आली असती. पण मी हललो असतो तर बँड सुरू होऊन घोडं हललं असतं आणि तिनं ताट घेऊन मागे रस्त्यात उभं राहायचं, हे मला बघवलं नसतं.

तिनं घोड्याच्या पायावर पाणी घातलं. सुहास खाली वाकला. "थोरली आई," एवढंच म्हणाला. तिनं ओवाळलं, कुंकू लावलं आणि ताट हातात घेऊन नारायणशेटकडे वळली.

"भावजी, उशीर होईल. चला आता."

शेट फेटा नीट करत होते. फेटा नीटच होता. मग त्यांनी मान डोलावली. अण्णा खिडकीत होते, ते बाहेर आले नाहीत. ती पायरीवर परत गेली, तेव्हा गणबानं ढोल मारला.

मांडवात गेल्यावर मी गणबाला धरलं. "हात का वर ठेवलास?"

"बाई पायरीवर होत्या वो. घोडं हाललं असतं तर पाणी कशावर घालणार?"

दुसऱ्या दिवशी शेटनी दुकानात बोलावलं. मी बँड मोडल्याच्या हिशेबानंच गेलो.

"तिथं थांबा म्हणून तुम्हाला कोण सांगितलं?"

"कोणबी न्हाई, शेट. जागा बघून त्यानं नाच केला. नाचात थांबाय लागतंय."

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बरं. जावा." त्यात सीझन राहिला की गेला, काही कळेना. मला महिनाभर अन्न गोड लागलं नाही.

पण बेळगावचा बँड आला नाही. दोन वर्षांनी शेटच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. मी परत त्याच पोत्यावर बसलो. त्यांनी रस्ता सांगितला, तोच. देऊळ, चौक, मांडव. अण्णांच्या दाराचं नावच काढलं नाही. मला राहवेना.

"आणि थोरल्या घरासमोर?"

"तिथं तुमचा तो नाच करा."

"किती वेळ थांबायचं?"

शेटनी वहीतनं डोकं वर काढलं नाही. "वहिनी येईस्तोवर," ते म्हणाले.

पुढे माझ्याकडे नवीन पोरगं आलं, की मी आधी ढोल हातात देत नसे. आधी उभं राहायला शिकवायचो. मिंगेल मला एवढं एकच नीट शिकवून गेला. आता हे लिहितानाही टेबलाखाली पाय हलतोय, आणि बायको बघतेय.