नंबर नाही, तर मसाला नाही

“बाई, ताबडतोब या. तुमच्या मनालीने माझ्या आईला अडवून ठेवलंय.”

लालबागहून सावंतांचा फोन. मनालीच्या ट्रायलचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सावंत हो म्हणाले की तिला आयुष्यातली पहिली नोकरी मिळणार होती. मनाली तेवीस वर्षांची, ऑटिस्टिक. दादरच्या आमच्या केंद्रात मी अशा मुलांना नोकरीसाठी तयार करते. तिची आई मला रोज एकच विचारायची, माझ्यानंतर हिचं काय? मी टॅक्सी केली.

सावंतांचा डंक आहे. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात बायका घरी निवडून भाजलेल्या मिरच्या डब्यातून आणतात आणि आपलाच मसाला परत न्यायला डोळ्यांत तेल घालून बसतात. दुसरीचा मसाला घरी गेला तर डंकवाल्याचा वर्षभर जेवताना उद्धार होतो. मनालीचं काम एवढंच, की डब्याला नंबर बांधायचा, तोच नंबर बाईच्या हातात द्यायचा आणि जुळला तरच डबा परत करायचा. कामाचे असे बारीक तुकडे करण्याला आम्ही टास्क अ‍ॅनॅलिसिस म्हणतो. तालमीत गिऱ्हाईक मीच झाले होते. रडून पाहिलं, भांडून पाहिलं, ‘मी मालकाची नातेवाईक’ असंही सांगून पाहिलं. माझ्या अभिनयावर मी खूशही होते.

पोचले तेव्हा सावंतांच्या आई स्टुलावर बसलेल्या आणि मनाली एका डब्यावर दोन्ही हात ठेवून उभी.

“माझ्याच झिलाच्या दुकानात माका लंबर?” आईंचं चालू होतं.

सावंत घामाघूम झाले होते. नोकरी गेली, असंच मी धरून चालले.

“मनाली, या खरंच मालकांच्या आई आहेत. दे त्यांना डबा.”

“तुम्हीपण असंच म्हणाला होतात,” ती शांतपणे म्हणाली. “अ‍ॅक्टिंग चांगली होती. नंबर?”

तेवढ्यात एक बाई समोरून चहा पिऊन आली. तिच्या हातात सत्तावीस नंबर. डब्यालाही सत्तावीस. मनालीने डबा तिला दिला. बाईने झाकण उघडलं, आणि नुसत्या वासावर आईंचा आवाज खाली आला. “ह्यो माझो नाय.”

त्यांचा डबा यंत्रामागे सापडला. दिसायला अगदी तसाच, पण बिननंबरचा, आणि आत मिरच्या अख्ख्या. घरचा डबा म्हणून सकाळी तिथे ठेवला होता. रांगेतच नव्हता, म्हणून कोणी हात लावला नव्हता.

“आये, लायनीत लाग,” सावंत म्हणाले. मनालीने आईंना एकतीस नंबर दिला.

सावंत मला बाजूला घेऊन म्हणाले, की सोमवारपासून मनाली कायम. फक्त घरच्यांना जरा सांभाळून घ्यायला तिला शिकवता येईल का? मी नाही म्हटलं. मनालीच्या आईला फोन केला तर तिने ‘कायम’ हा शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

तेव्हापासून टास्क अ‍ॅनॅलिसिसमध्ये मी एक पायरी वाढवली आहे. नियम मुलांना शिकवून झाला की तो मालकाच्या घरच्यांनाही शिकवायचा.

मे महिन्यात माझा मसाला मी तिथेच नेला. नंबर पदराला पिन लावून ठेवला होता.