मेजर जागा शे

१२ फेब्रुवारी. दुसऱ्या दिवशी मेजरच्या गंधमुक्तीचं, म्हणजे सुतक फिटल्याचं, जेवण होतं, म्हणून मी आणि त्यांची बायको शोभा ओट्यावर गहू निवडत बसलो होतो. मेजर माझे चुलत दीर. फौजेतून ते नाईक म्हणून घरी आले; पण आमच्या ब्राह्मणपुरी गावात फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो. आधी ते लोकांची चूक सुधारायचे. पुढे तेही थकले.

मेजर रात्री झोपत नसत. गाव निजलं की हातात बॅटरी आणि काठी घेऊन शिवारात फिरायचे आणि उजाडताना परत यायचे. ते घरी आले त्याच वर्षी विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. मेजर फिरायला लागले आणि चोऱ्या थांबल्या. शेतकऱ्यांनी राखणदार काढून टाकला. रात्री मोटारीची काळजी वाटली की म्हणायचे, "झोपा रे, मेजर जागा शे." पुढं ग्रामपंचायतीनं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. झोप येत नाही म्हणून सत्कार झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दिवसा ते बरे असत. मला ब्रिगेडियर म्हणायचे. मी घरात आले की उठून सलाम ठोकायचे आणि शोभाला सांगायचे, "चहा ठेव, नही ते आपलं कोर्ट मार्शल व्हई." जेवायला मात्र दाराकडे तोंड करूनच बसायचे, आणि आमची पहिली भाकरी संपायच्या आत त्यांचं ताट रिकामं. लग्नात फटाके सुरू झाले की "गाड्या नीट लावाले सांगस" म्हणून मांडवाबाहेर पडत. मग बराच वेळ कुठं दिसत नसत. लोक कौतुकानं म्हणत, मेजरला शिस्त लागते.

एकदा मी सरळच विचारलं, झोप का येत नाही. ते आमचं कुलूप दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "मन्हा डोया लागना व्हता, वहिनी. तितलामा व्हई गयं." चौकीवर पहारा त्यांचा होता, डोळा लागला आणि तेवढ्यात बरोबरचा पोरगा गेला, एवढंच त्यानंतर कळलं. कुलूप त्यांनी नीट बसवून दिलं.

शोभानं आधी त्यांच्या आईच्या सांगण्यावरून बाहेरचं बघणाऱ्याकडे नेलं. त्यानं लिंबू उतरवलं. मग मी डॉक्टरचा आग्रह धरला. ते कबूल झाले. नंदुरबारच्या गाडीसाठी आम्ही फाट्यावर उभे होतो. पानटपरीवरच्या लोकांनी विचारलं, मेजर, कुठं? ते म्हणाले, "गुडघा दाखाडाले." एकदा गुडघा म्हटल्यावर दवाखान्यातही गुडघाच राहिला. मला त्यांनी बाहेर बसवलं आणि आतून क्रेपचा पट्टा बांधून आले. परतीच्या गाडीत मी बोलले तेव्हा म्हणाले, "झोप काय दाखाडानी चीज शे का, वहिनी? मेजर येडा व्हयना म्हनतीन." पुढच्या खेपेला मी आत येणार, असं मी सांगितलं. ते हसून हो म्हणाले. पुढची खेप झाली नाही.

ते विहिरीत सापडले. राखण करताना पाय घसरला, असं त्याच सकाळी ठरलं. कोणी ठरवलं, हे सांगता येणार नाही. दुपारपर्यंत सगळं गाव तेच बोलत होतं. गंधमुक्तीच्या श्रद्धांजलीत मेजर ड्यूटीवर गेले असं बोलायचं, हेही पक्कं झालं होतं.

गव्हातले खडे वेचता वेचता शोभा म्हणाली, "त्यासना पाय नही घसरना, अक्का. सांजले माले सांगं, 'शोभा, मी थकी गऊ.'" सूप पुढं ओढून म्हणाली, "उद्या त्यासना फौजना दोस्त येतीन. त्यासले तरी खरं सांगाले जोयजे. मन्हाकडथीन नही व्हनार."

तिच्या सासूबाई आतून ऐकत होत्या. पोरगा गेला, आता नाव तरी राहू द्या, म्हणाल्या. मी उठून गहू दळायला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात भाषणं झाली. मेजर ड्यूटीवर गेले, असं दोघं-तिघं बोलले. फौजेतून आलेले पाच-सहाजण एका रांगेत ताठ बसले होते. आमच्याकडे अशा वेळी बायका बोलत नाहीत. मी पदर खोचला, पुढं गेले आणि माईक मागितला. मेजरचा पाय घसरला नाही, असं सांगितलं. त्यांना वर्षानुवर्षं झोप नव्हती, तो आजार होता, त्याला औषध असतं आणि ते त्यांनी घेतलं नाही. आपण सगळे मात्र त्यांच्या जागेपणावर निवांत झोपलो. मागून कोणीतरी बस म्हणालं. मला तेवढंच सांगायचं होतं. शोभा खाली बघत होती, पण उठून गेली नाही.

मी पंगतीचं बघायला मागे गेले. त्या रांगेतला एकजण टाकीपाशी हात धुवायला आला. हात धुऊन झाले तरी नळ चालूच होता.

"ताई," तो म्हणाला, "मी बी नही झोपत."

मी नळ बंद केला. त्याची बायको कुठं बसली आहे ते विचारलं आणि तिला बोलावून घेतलं.