कुशाबाईंचा पुढचा दात

शेळगावच्या कुशाबाई बारामतीच्या बाजारात पेरू विकायला बसल्या की सुरीला हात लावायच्या नाहीत. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की पाटीतला एक पेरू उचलायचा, पुढच्या दातांनी कचकन तोडायचा आणि आतला गर त्याच्या पुढं धरायचा. "बघ, किडका हाय का?" एवढंच बोलायचं. वीस वर्षं त्यांची विक्री अशीच झाली. गेल्या आखाडात म्हशीनं मान झटकली, शिंग तोंडावर बसलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. मग कुशाबाई कडेच्या दातांनी पेरू तोडू लागल्या, तर गिऱ्हाईक पेरू सोडून त्यांच्या तोंडाकडंच बघायचं. हे त्यांना फार लागलं.

शेवटी त्यांचा मुलगा रणजित त्यांना बारामतीत डॉक्टर श्रेयाकडं घेऊन गेला. पोरगी हुशार, पण दवाखाना टाकून सहा महिनेही झाले नव्हते. हाडात स्क्रू बसवायचा, तीन-चार महिन्यांत हाडानं तो घट्ट धरला की वर दात चढवायचा, असं तिनं नीट समजावलं.

"मावशी, तंबाखू खाता का?"

"आमच्यात बायका न्हाईत खात तंबाखू," कुशाबाई अशा काही ठसक्यात म्हणाल्या की डॉक्टरनं पुढं विचारलंच नाही. तिनं स्क्रू बसवला आणि तोंड स्वच्छ ठेवा, एवढं बजावून सूचनांचा कागद हातात दिला.

आता कुशाबाई खोटं बोलल्या असं कुणी म्हणू नये. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवसातून चार वेळा मिश्री लावत. तंबाखू स्वतः आणायच्या, स्वतः तव्यावर काळी होईस्तोवर भाजायच्या, स्वतः कुटायच्या. पण तवा चुलीवरून उतरला की त्यांच्या लेखी ती तंबाखू राहायचीच नाही, दातांचं औषध व्हायची. आणि डॉक्टरनं स्वच्छ ठेवायला सांगितलेलं. टाके निघाल्यावर बाई चारच्या जागी सहा वेळा मिश्री लावू लागल्या, तीही स्क्रूपाशी अगदी जपून.

सहाव्या आठवड्यात सून अनितानं तो कागद वाचला आणि अंगणात आली. "आत्या, मिश्री म्हंजी तंबाखूच की. हितं लिवलंय, तंबाखूनं स्क्रू धरत न्हाय."

कुशाबाईंचं बोट तोंडातच थांबलं. त्यांनी चूळ भरली आणि आजपासून बंद म्हणून सांगून टाकलं.

सांगणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी पोट साफ होईना, डोकं जड झालं. बाजारात पाटीपाशी बसवेना, उठून उभं राहावं तर उभंही राहवेना. गिऱ्हाइकानं भाव विचारला तरी अंगावर जायच्या. दर घटकेला जीभ स्क्रूवर जायची. हलतोय का? नसेल हलत. का हलतोय? चौथ्या दिवशी गोठ्यामागं जाऊन चिमूटभर लावली आणि स्वतःचीच चीड आली. उद्यापासून नक्की, असं त्यांनी किती सकाळी ठरवलं ते त्यांनाच ठाऊक. घरात मात्र सगळ्यांना वाटत होतं, म्हातारीनं जिंकलं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तपासायला गेल्या. श्रेयानं स्क्रूवर हलकेच टोकरलं, पुन्हा टोकरलं आणि तिचा चेहरा पडला. स्क्रू हाडानं धरलाच नव्हता.

"मावशी, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हा काढते. हाड भरलं की मी परत बसवून देते, पैसे नकोत."

रणजितनं लगेच मान डोलावली. कुशाबाई गप्प बसल्या असत्या तरी काही बिघडत नव्हतं. नवा स्क्रू मिळणार होता, दोषही दुसऱ्याच्या माथी गेला होता. पण समोरची पोरगी हातातलं हत्यार नुसतं फिरवत उभी होती, आणि ते त्यांना बघवेना.

"बाई, तुमचं काय बी चुकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी मिश्री लावती."

श्रेयानं पेन घेतलं. "लावत होता? कधी सोडली?"

"झाला की दीड म्हैना," रणजितच मध्ये बोलला. "आमच्या मंडळीनं सोडवली."

कुशाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"त्याला काय ठावं," त्या म्हणाल्या. "सकाळी यष्टीत बसायच्या आदी लावलीया. ल्हिवा तुमी."