शेवंतीने न खाल्लेली कुर्ली

मालवणच्या बाजारात शेवंती पंचवीस वर्षं मासे विकते आहे. गरोदर बाईने मोरी (शार्क मासा) खावी, तारले आणि कुर्ली (खेकडा) टाळावी, हे ती गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच सांगते. आता तिच्याच सुनेला, दिव्याला, सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलट सांगितलं होतं. मोठ्या माशात पारा साठतो, म्हणून मोरी बंद. अंगात रक्त कमी, म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि तारल्यांसारखे लहान मासे नीट शिजवून खायचे.

"तारलो गरम गो. माझ्या हातचो तुका मिळाचो नाय," शेवंतीने सांगून टाकलं होतं.

पण सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तारल्यांचे वाटे लावले, मोडले, पुन्हा लावले. नेहमीच्या गिऱ्हाईक जुलिया टीचरनी बरोबर तेवढ्यात टोचलं, "शेवंतीबाय, गावाक तारले आणि सुनेक नुसती पेज?"

शेवंतीने पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात कुर्ल्यांचं सार खाल्लं होतं. तिसऱ्या दिवशी मूल गेलं. "जिभेपायी पोर घालवल्यान," सासू दारोदार सांगत राहिली. पुढे सहदेव, दिव्याचा नवरा, झाला, सासूही गेली. त्याला एकोणतीस वर्षं झाली. शेवंतीने कुर्ली विकली, पण तोंडात घातली नाही.

अकराला तिने पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि दवाखान्यात रांग मोडून आत शिरली.

"कुर्ली खाल्ल्याने मूल जातं?"

"दिव्याने खाल्ली?"

"नाही. मी. सहदेवच्या आधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा काही तपासलं होतं?"

"कसली तपासणी!"

"मग खरं कारण आता कोणीच सांगू शकणार नाही. पण ताज्या, शिजवलेल्या कुर्लीने मूल जात नाही."

"मग सासू उगाच मला..." म्हणत शेवंती तशीच बाहेर पडली.

घरी येऊन तिने तिरफळ घालून तारल्यांचं तिखलं, आंबट-तिखट कालवण, केलं आणि दिव्याच्या ताटासमोर उभी राहिली.

"आये, बसा बघू. अशे बघत रवलास तर माझ्या घशात काटो अडकतलो."

"खा तू."

दिव्याने चार तारले खाल्ले. दर घासाला शेवंतीची नजर तिच्या पोटावर जात होती. मग दिव्याने शेगडीवरच्या दुसऱ्या पातेल्याचं झाकण उचललं.

"कुर्ल्यो? कोणाक?"

"माका."

शेवंतीने नांगी फोडली, ताटात ठेवली. उठून दारापर्यंत गेली, उगाच अंगण बघून आली. परत बसली आणि नांगी चोखली.